सवाष्णीनं मरायचं नसतं

सून तटाच्या कडेला उभी होती आणि शिंगं लावलेला एक धिप्पाड माणूस तिच्यासमोर भाला घेऊन तयार होता. तट प्लायवूडचा, मागून लोखंडी परांची बांधलेली. पण उंची खोटी नव्हती, माझ्या डोक्याच्या वर जात होती. खाली गाद्या टाकल्या होत्या. भाला पोटात घुसल्यासारखं त्यानं करायचं, हिनं ओरडायचं आणि पाठीवर खाली पडायचं. तिच्या आधीची बाई पडली ती हसत उठली होती, पण उठताना तिनं कंबर धरली ते मी पाहिलं होतं. दोन गाद्यांच्या मध्ये फट होती.

सुनेनं माझ्याकडे बघितलं. एरवी ती माझ्याकडे बघत नाही, माझ्या पलीकडे बघते. तिचा एक हात कमरेच्या पट्ट्याखाली गेला आणि तिथंच राहिला. बाई असा हात एकाच कारणानं ठेवते. महिनाभर मी जे शोधत होते ते मला तिथं, दिव्यांच्या उजेडात, सगळ्यांसमोर सापडलं. आणि ते मला वाटलं होतं तसं नव्हतं.

मला वाटलं होतं, बाहेर काहीतरी भानगड आहे. माझा मुलगा नव्या गाड्या वाहून नेणाऱ्या ट्रेलरवर ड्रायव्हर आहे. आज गुजरात, उद्या तामिळनाडू. घरात आम्ही दोघीच. सून आमच्या महाळुंग्यातल्याच एका कंपनीत कंत्राटी होती आणि तेव्हा ब्रेकवर होती. सात-आठ महिने काम झालं की कंत्राटी बायकांना कंपनी ब्रेक देते, घरी बसवते आणि थोड्या दिवसांनी पुन्हा नवीन म्हणून घेते. ब्रेकवरच्या बाईनं घरात बसावं, गव्हातले खडे काढावेत. ही दर गुरुवारी रहाटणीला जायची. तिथं मावसबहीण आहे म्हणायची. लग्नात मी तिच्या माहेरची झाडून सगळी माणसं जेवायला घातली होती, त्यात रहाटणीची मावसबहीण कुठं नव्हती. फोन ती पालथा ठेवायची. स्वतःचं ताट स्वतः घासायची, मला हात लावू द्यायची नाही. एकदा ती आंघोळीला गेल्यावर मी तिची पर्स बघितली. आत गोळ्यांची पट्टी होती, नाव लिहिलेला भाग फाडून टाकलेला. नाव का फाडलं? बोललं की माणूस सावध होतं. मी लक्ष ठेवून राहिले.

सुपरवायझरबाई आमच्याच गावची, दोन गल्ल्या सोडून राहते. कंपन्यांना बायका ती पुरवते. ब्रेक संपल्यावर कोणाला परत घ्यायचं आणि कोणाला अजून थांबवायचं, हे तिच्या शब्दावर असतं. पोटुशी बाई ती लाइनवर पाठवत नाही. आठ तास उभं राहायचं काम, बाई चक्कर येऊन पडली की ठेकेदार हिला शिव्या घालतो. म्हणून आमच्याकडच्या बायका जमेल तितके दिवस लपवतात आणि ती जमेल तितक्या लवकर ओळखते. तिची नजर माणसाच्या तोंडावर नंतर जाते, आधी कमरेवर.

दुपारी मी तिच्या घरी टीव्ही बघायला जायची. ती मालिका तिथंच बघितली. बायकांची फौज, डोंगरावरचा गड, राक्षस, जादू, एक राणी आणि तिच्याभोवती तलवारी घेतलेल्या शंभर बायका. सुपरवायझरबाईला फार आवडायची. मला त्या बायकांचा भरवसा वाटत नव्हता. त्या गडावर एक चूल दिसत नाही, एक धुणं वाळत घातलेलं दिसत नाही. एवढ्या बायकांचं जेवण कोण करतं ते मी विचारलं, तर ती म्हणाली, मावशे, जादूनं होत असंल. मी म्हटलं, मग तलवारी कशाला, तेही जादूनंच करा.

एक दिवस तीच सांगत आली की त्या मालिकेचा एक भाग आपल्या इथं करणार आहेत. निघोज्याला एक कंपनी बंद पडली आहे, तिच्या शेडमध्ये गड बांधलाय. लढायला बायका पाहिजेत, धडधाकट. चार दिवसांचं काम. ब्रेकवरच्या सगळ्या जणींना तिनं सांगितलं. सून लगेच हो म्हणाली. ती एवढ्या लगेच हो म्हणाली म्हणून मीही येते म्हटलं. सुपरवायझरबाई म्हणाली, म्हातारी कशाला लागती त्यांना? मी टेम्पोत जाऊन बसले.

टेम्पोत सगळ्यांच्या मनात एकच होतं आणि कोणी बोलत नव्हतं. बायका पाहिजेत, कपडे तेच देणार, शेड बंद. शेवटी लातूरकडची एक बाई बोलली. नवरा गेल्यावर दोन मुलं घेऊन इकडं आलेली, पॅकिंगला असायची. ती म्हणाली, काही उलटंसुलटं दिसलं तर पहिल्यांदा टेम्पोची चावी काढून घ्यायची. सगळ्यांना ते पटलं. ड्रायव्हरनं आरशात बघितलं आणि चावीवर हात ठेवला.

उलटंसुलटं काही निघालं नाही. कपडे बदलायच्या खोलीत मोठा आरसा होता, त्यावर मी माझी साडी टाकायला लावली आणि दोघींना दाराशी उभं केलं. मग चिलखतं आली. रेक्झीनची, आत फोम भरलेला. सीट कव्हरच्या कंपनीत राहिलेली एक जण हात फिरवून म्हणाली, अगं ही तर गाडीची सीट आहे, आपल्यालाच घातली. नव्या रेक्झीनचा वास त्या बंद शेडमध्ये डोक्यात जात होता. सून जनरेटरमागे जाऊन ओकून आली. वासानं झालं म्हणाली. कपडेवाल्या बाईनं तिचा पट्टा करकचून बांधला. ती बाई पुढं गेल्यावर सुनेनं मागं हात नेऊन दोन भोकं सैल केला. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, पट्ट्याशी हिचं काय वाकडं आहे? चार बाळंतपणं झालेली मी, पण डोक्यात पुरुष बसलेला होता, त्यामुळे दुसरं काही सुचत नव्हतं.

मला त्यांनी परत पाठवलं नाही. टोपीवाला साहेब, तोच सगळ्यांवर हुकूम सोडत होता, त्यानं माझा चेहरा बघितला आणि मला राणीच्या शेजारी उभं केलं. हसू नका, एवढंच सांगितलं. मी हसत नव्हतेच.

मग कानाला हेडफोन लावलेली त्याची हाताखालची बाई आली आणि तिनं हिंदीत समजावलं. आज राक्षसांचा हल्ला. आज काही जणी मरणार. ज्या मरतील त्यांचं काम आज संध्याकाळी संपलं. ज्या जगतील त्यांनी पुढचे तीन दिवस यायचं, त्यांची विजयाची मिरवणूक आहे. एकीनं विचारलं, मेल्यावर उद्या दुसरा ड्रेस घालून आलं तर चालतं का? हेडफोनवाली म्हणाली, एकदा चेहरा दिसला की संपलं.

ती हे बोलून गेली आणि बायकांनी एकमेकींकडे बघितलं. राक्षस तटावर आले, टोपीवाला ओरडला, आणि आमची सगळी फौज तलवारी उगारून धावली ती तोंडं झाकून. कोणी तलवार तोंडासमोर धरलेली, कोणी मान खाली, एकीनं तर पाठच फिरवलेली. चेहरा दिसला नाही तर मरून परत येता येईल, हा हिशेब. टोपीवाल्यानं डोकं धरलं. पुन्हा धावायला लावलं. पुन्हा तेच. शेवटी त्यानं सुपरवायझरबाईला बोलावलं आणि तिनं सांगितलं की जी तोंड लपवेल तिला ब्रेकनंतर कंपनीतही तोंड दाखवायची गरज नाही. मग सगळ्यांचे चेहरे दिसले.

कोणी मरायचं ते कोण ठरवतं, हा पुढचा प्रश्न. हेडफोनवालीच्या मागं सुपरवायझरबाई चालत होती आणि बोट दाखवत होती. तिची भावजय जगणार होती, हे आम्ही आधीच ओळखलं. सकाळी मेल्या त्यातल्या बऱ्याच जणी तिच्याशी कधी ना कधी भांडलेल्या होत्या. जेवणानंतर बोट माझ्या सुनेवर आलं.

का आलं, हा संशय मला तिथंच आला. आम्ही तिच्याशी भांडलेलो नव्हतो. सुनेचं ओकणं तिनं पाहिलं होतं का? बघायचं होतं का तिला, की पडायला सांगितल्यावर ही काय करते?

सून नाही म्हणाली असती तर का नाही, हे सांगावं लागलं असतं. म्हणून ती गेली आणि कडेला उभी राहिली. आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, “थांबा.”

जोरात म्हटलं असणार, कारण राक्षसानं भाला खाली केला. टोपीवाल्यानं कोण बोललं म्हणून विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते, त्यात सुपरवायझरबाई सगळ्यात पुढं. खरं सांगायची सोय नव्हती. मला जे पहिलं सुचलं ते मी बोलले.

“तिचा नवरा जिवंत हाय. आमच्यात सवाष्णीनं मेल्याचं सोंग करायचं नसतं.”

असलं काही आमच्यात नाही. कोणाच्यातच नसावं. आमच्या गावच्या जत्रेत सोंगं निघतात, त्यात मरणारे उठून पुन्हा भजी खायला येतात. पण मी ते सासूनं सांगितल्यासारखं सांगितलं.

हेडफोनवालीनं विचारलं, “सवाष्ण मतलब?”

मागून कोणीतरी सांगितलं, “सुहागन, मॅडम. आणि खरंय ते. आमच्यातबी न्हाई चालत.” ही बोलणारी आमच्या गावचीही नव्हती, सांगलीकडची होती. लगेच तिसरी म्हणाली आमच्यात तर नुसतं डोळे मिटून आडवं पडलेलंही चालत नाही. बघता बघता सगळ्यांच्यात ते निघालं. ज्यांना उद्या काम पाहिजे होतं त्या सगळ्या सवाष्णी अचानक सोवळ्या झाल्या. पंक्चरच्या दुकानवाल्याची बायको, चाकणची मुसलमान, आमच्यात पहिल्यापासून उठबस असलेली, ती तेवढी खरं बोलली. म्हणाली, आमच्यात असलं काही नाही, पण उद्याचं काम जाणार असेल तर मी तरी का मरू?

इथवर हसण्यासारखं होतं. पण सकाळी मेलेल्या बायका भिंतीशी चहा पीत बसल्या होत्या. त्यातली एक नवीन लग्न झालेली उठली आणि माझ्यासमोर आली. तिच्या गळ्याला लाल रंग होता.

“मावशी, मी तर सकाळीच मेले. आता?”

मी काही बोलायच्या आत तिनं नवऱ्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. तो फर्स्ट शिफ्टला होता, प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर, आणि तिथं फोन गेटवर जमा करून घेतात हे तिलाही माहीत होतं आणि आम्हालाही. तरी कोणी ते म्हणालं नाही. ती फोन लावत राहिली आणि बाकीच्या मेलेल्या बायकांनीही आपापले फोन काढले. शेडमध्ये काही वेळ नुसत्या रिंगा ऐकू येत होत्या. माझं खोटं माझ्यासमोर असं चालायला लागलेलं बघून मलाही बरं वाटेना. प्रेसवर माणसाचा हात जायला क्षण लागत नाही. आज नेमका गेला तर ही पोरगी जन्मभर माझं नाव घेईल, हे मला स्पष्ट दिसलं.

सुपरवायझरबाई माझ्याजवळ आली. हळू बोलली.

“मावशे, कधीपासनं हाय हे तुमच्यात?”

“सासूपासनं.”

“तुझी सासू माझ्या सासूची चुलत बहीण.”

“मग तुला ठावं पाहिजे.”

ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं वर बघितलं. सुनेचा हात अजून तिथंच होता. मी मनात म्हटलं, काढ हात. सुनेनं हात काढला आणि कपाळावरचा घाम पुसला. सुपरवायझरबाईनं काय पाहिलं आणि काय नाही, मला कळलं नाही.

टोपीवाल्याला मरणाऱ्या बायका पाहिजेत होत्या, सवाष्ण-बिवाष्ण त्याला कळत नव्हतं. हेडफोनवालीनं मग सरळ विचारलं, ज्यांचे नवरे नाहीत त्या कोण? आम्ही तिघी होतो. एक मी, एक लातूरची, आणि एक जण चिंचवडहून आलेली, जी कोणाशी बोलत नव्हती. मी म्हटलं सुनेच्या जागी मी मरते. तिनं सांगितलं, तुम्हाला राणीजवळ चारी दिवस ठेवायचं ठरलंय, साहेबांना तुमचा चेहरा आवडलाय. मी म्हटलं दुसरी म्हातारी शोधा. बाकीच्या दोघींना कोणी विचारलंच नाही, त्यांना नुसतं तटावर जा म्हणून सांगितलं.

वर चढताना लातूरची माझ्या पुढं होती. मागं न बघता बोलली.

“तुमच्या सुनेचं जमवलंत, मावशी. माझं जमवायला घरी कोण आहे?”

तिचं बरोबर होतं. उत्तर द्यायचं तर मोठ्यानं द्यावं लागलं असतं, आणि खाली सुपरवायझरबाई कान लावून उभी होती.

पहिली चिंचवडची पडली, मग लातूरची. आरडाओरडा न करता पडली, हात पसरून, खरी मेल्यासारखी. टोपीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. मग मी. शिंगवाला मला हळू म्हणाला, आजी, भिऊ नका, डावीकडे टाका अंग, उजवीकडे फट आहे. मी डावीकडे अंग टाकलं. तरी बरगडीला लागलं, पुढं पंधरवडाभर त्या कुशीवर झोपता येत नव्हतं. पडून राहायला सांगितलं होतं तेवढं पडून राहिले. वरचे पत्रे दिसत होते, एका ठिकाणी पक्ष्यानं घरटं केलेलं. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. त्या पोरीचा नवरा चहाच्या सुट्टीत गेटवर आला होता आणि एवढे फोन बघून घाबरून उलटा फोन करत होता. तो जिवंत आहे हे कळल्यावर ती त्याला शिव्या द्यायला लागली. टोपीवाल्यानं पुन्हा डोकं धरलं, कारण आवाज त्याच्या कॅमेऱ्यात गेला होता, आणि आम्हा तिघींना पुन्हा एकदा मरावं लागलं.

संध्याकाळी मेलेल्या बायकांचा टेम्पो आधी सुटला. अंगावरचा लाल रंग नीट निघाला नव्हता. निघोज्याच्या फाट्यावर शिफ्ट सुटलेली पोरं मोटरसायकली थांबवून बघत होती. टेम्पोत माझ्याशी कोणी बोललं नाही. लातूरची उतरताना फक्त म्हणाली, बर्फ लावा बरगडीला.

सून उशिरा आली. मी भाकरी करून ठेवली होती. तिनं ताट वाढून घेतलं, तेव्हा मी विचारलं, “कितवा?”

तिनं घास खाली ठेवला. “चौथा लागलाय.”

“रहाटणीला डॉक्टर हाय?”

“हो. इकडच्या दवाखान्यात गेले असते तर सुपरवायझरबाईला त्याच दिवशी कळलं असतं. तिची बहीण आहे तिथं.”

“आणि मला?”

ती सरळ बोलली, ते मला आवडलं.

“तुम्ही रोज दुपारी तिच्या घरी टीव्ही बघायला जाता, आई. मी तुमच्यावर कसा विश्वास ठेवू?”

म्हणजे मी तिच्यावर लक्ष ठेवून होते तेव्हा ती माझ्यावर लक्ष ठेवून होती. गोळ्यांचं नाव तिनं माझ्यासाठीच फाडलं होतं, आणि टाकलेलं अन्न मला दिसू नये म्हणून ताट स्वतः घासत होती. पर्स मी बघणार, हे तिला माहीत होतं. मी तिला दूध गरम करून दिलं आणि सांगितलं, उद्या पट्टा सैल बांध, आणि हात जागेवर ठेवू नकोस. पुढचे तीन दिवस ती गेली. मिरवणुकीत नुसतं चालायचं होतं.

त्यानंतर मी दुपारची टीव्हीला जायची बंद झाले. मुलगा फेरी संपवून आला तेव्हा त्याला सुनेनंच सांगितलं. ब्रेक संपल्यावर सुपरवायझरबाईनं तिला परत घेतलं. लाइनवर उभं केलं नाही, तपासणीच्या टेबलावर बसवलं. तिथं बसायला स्टूल असतं. तिला कळलं होतं म्हणून बसवलं, की तिथली बाई सोडून गेली म्हणून, हे मी विचारलं नाही. विचारायला गेलं की आपणच सांगितल्यासारखं होतं. सुपरवायझरबाई बारशाला आली, पाळण्यात डोकावली, मग माझ्या कमरेकडे बघून म्हणाली, मावशे, बारीक झालीस. मला त्या बाईचा अजून भरवसा नाही.

पण एक गोष्ट तिनं केली. लातूरच्या बाईला, आम्ही तटावरून पडलो त्याच आठवड्यात, एका कंपनीत पॅकिंगला लावलं. मी त्यासाठी शब्द टाकला होता. सुपरवायझरबाईनं विचारलं, तुला तिचं एवढं काय पडलंय? मी म्हटलं, चांगली मरते.

तो भाग टीव्हीवर आला तेव्हा आम्ही मोबाइलवर बघितला. लातूरची आली होती तिच्या दोन्ही मुलांना घेऊन. तिचं पडणं पूर्ण दाखवलं, हात पसरलेले, मागं वाजंत्री. मुलं ओरडली. माझा चेहरा दिसलाच नाही, नुसता पांढरा अंबाडा कडेवरून खाली जातो. सगळ्यांनी मला विचारलं, तुम्ही कुठं आहात? मी म्हटलं, गेले आता. मिरवणुकीत सून राणीच्या मागं तिसरी आहे, हात तलवारीवर, पट्टा सैल.

त्या गडावर मी मेले, लातूरची मेली, चिंचवडची मेली, सकाळच्या सगळ्या मेल्या. आमच्या घरातली सून जगली, आणि तिच्या पोटातलं पोर जगलं.